काट्यावरचा एक सेकंद मागं का गेला?

प्रश्न : मी निपाणी भागातल्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरचं काम बघतो. जुन्या नोंदी नव्या सर्व्हरवर घेताना १ जानेवारी २०१७ च्या पहाटे एक विचित्र गोष्ट दिसली. उसाची गाडी काट्यावर उभी आहे, एका ओळीत वेळ ५:२९:५९.८ आणि लगेच खालच्या ओळीत ५:२९:५९.०. ओळींचे क्रमांक मात्र सरळ चढते आहेत. तपासणीवाले म्हणतात, रात्रपाळीच्या क्लार्कनं घड्याळ मागं घेऊन काहीतरी केलंय. तसं असेल का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : त्या क्लार्कला आधी मोकळं करा. घड्याळ मागं गेलं हे खरं, पण ते लिनक्सनं, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मूळ प्रणालीनं, स्वतःच घेतलं.

त्या दिवशी जगभरच्या वेळेत एक जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, घातला होता. ग्रिनिचला ३१ डिसेंबरची मध्यरात्र होत होती, तेव्हा आपल्याकडं पहाटेचे साडेपाच. पृथ्वी अणुघड्याळाइतकी नेमानं फिरत नाही. दोघांत ०.९ सेकंदापेक्षा जास्त अंतर पडू नये म्हणून १९७२ पासून असे २७ सेकंद घातले गेले, आणि तुमच्या काट्यावरचा तो आजवरचा शेवटचा. अधिक महिन्यासारखं याचं गणित आधी मांडता येत नाही. पृथ्वीच्या फिरण्यावर नजर ठेवणारी संस्था सहा महिने आधी पॅरिसहून कळवते, तेवढंच.

खरी वेळ ५:२९:५९ नंतर ५:२९:६० आणि मग ५:३०:०० अशी जायला हवी. पण लिनक्स १९७० पासूनचे सेकंद मोजतो आणि प्रत्येक दिवस ८६,४०० सेकंदांचाच धरतो. साठाव्याला त्याच्याकडं जागाच नाही. म्हणून तो एक पाऊल मागं येऊन ५९ वा सेकंद पुन्हा मोजतो. पंचांगात तिथीची वृद्धी होते बघा, काल पंचमी आणि आजही पंचमीच. तसंच हे. फरक एवढाच की आपण पंचांग बघून गप बसतो, प्रोग्रॅम बसत नाही.

हे मला सांगायला सोपं जातंय, कारण २०१२ साली मी स्वतः फसलोय. १ जुलै, रविवार. बेळगावातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर माझ्याकडं होता. सकाळी वॉचमनचा फोन, ‘मशीन लई बोंबलतंय.’ टिळकवाडीतून भर पावसात स्कूटर काढून गेलो. पंखा घोंघावत होता, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, जावाचा प्रोग्रॅम एकटाच सगळं खात होता. तो चार वेळा बंद करून चालू केला, काही उपयोग नाही. शेवटी मशीनच रीस्टार्ट केलं आणि मॅनेजरसाहेबांना ‘व्हायरस असेल’ असं ठोकून दिलं. लाज वाटते आता.

चूक लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच होती. पहाटे त्यानं मुख्य घड्याळ मागं घेतलं, पण आतल्या बारीक टायमरना ते कळवलंच नाही. ते एक सेकंद पुढंच धावत राहिले. ‘अर्धा सेकंद थांब’ म्हटलं की त्यांच्या हिशोबी तो अर्धा सेकंद आधीच संपलेला, म्हणून प्रोग्रॅम न थांबता गरगर फिरायचा. नुसती आहे तीच वेळ ‘डेट’ कमांडनं पुन्हा लावली असती तरी भागलं असतं.

आता तुमच्या नव्या सर्व्हरचं. नोंदींचा क्रम वेळेवरून लावू नका, ओळीचा क्रमांकच धरा. गाडी काट्यावर किती वेळ होती हे मोजायला मशीनची तारीख-वेळ नको, त्यातलंच नुसतं पुढं मोजत जाणारं मोनोटॉनिक क्लॉक घ्या. ते मागं येत नाही. घड्याळ जुळवायला क्रोनी हा प्रोग्रॅम वापरत असाल तर लीप सेकंदासाठी ‘स्ल्यू’ ठेवा, म्हणजे उडी न मारता घड्याळ हळूहळू जुळतं. गूगलचे वेळेचे सर्व्हर तर हा सेकंद २४ तासांत पसरतात, आपल्या संध्याकाळी साडेपाचपासून दुसऱ्या संध्याकाळी साडेपाचपर्यंत. प्रत्येक सेकंद ११.६ मायक्रोसेकंदांनी लांबतो, कुणाला पत्ता लागत नाही. मात्र असा पसरणारा सर्व्हर आणि न पसरणारा सर्व्हर एकत्र जोडू नका. मधल्या टप्प्यावर दोघांत अर्ध्या सेकंदाचं भांडण असतं, आणि तुमचं मशीन कुणाचं ऐकणार?

खरं सांगू, मला हा सगळा खटाटोप जास्तच वाटतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आपण ७४.५ च्या आसपास. अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य सरासरी बारा बत्तीसला डोक्यावर येतो. बत्तीस मिनिटांचं आपल्याला काही वाटत नाही, आणि एका सेकंदासाठी सर्व्हर झोपतात! २०२२ मध्ये वजनमापांच्या जागतिक परिषदेनंही ठरवलंय की २०३५ पर्यंत ती ०.९ ची मर्यादा वाढवायची. त्याआधी पृथ्वी जोरात फिरली तर उलट एक सेकंद गाळावा लागेल, तिथीचा क्षय म्हणा. तो प्रयोग अजून कुणी केलेला नाही.

राहिल्या त्या दोन ओळी. त्या दुरुस्त करू नका, वेळ बदललीत तर मग खरंच संशय येईल. शेऱ्यात ‘लीप सेकंद’ लिहा आणि तपासणीवाल्यांना त्या गाडीची पावती दाखवा. वजन दोन्ही ओळींत तेच असणार.