पाळीची वाट बघत बसू नकोस

पत्र: मावशी, मी सव्वीस वर्षांची. सासर पारोळा तालुक्यात. घरी सासू-सासरे, पाच वर्षांची मुलगी, चौदा महिन्यांचा मुलगा. नवरा सुरतला कापडाच्या मार्केटमध्ये कामाला, पंधरा-वीस दिवसांनी घरी येतात. ते आले की मी माला-एनच्या गोळ्या घ्यायचे, गेले की बंद. त्यातच दिवस राहिले. सातव्या आठवड्यात डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन मोकळी झाले, त्याला आज बारा दिवस झाले. सासूबाईंना माहीत नाही. डॉक्टरांनी पंधराव्या दिवशी तपासायला बोलावलंय, तांबी बसवून घे म्हणाले. जाऊबाई म्हणतात तांबी छातीत चढते. नवरा म्हणतात, पाळी आल्याशिवाय काही राहत नाही, शिवाय बाळ अंगावर पितंय. दहा दिवसांनी आखाजी. मी माहेरी जाणार, ते तिकडेच येतील. माझं रक्त साडेआठ आहे. दोन लेकरं पुरेत, पण ऑपरेशन आत्ता नको वाटतं. रात्री झोप लागत नाही, पाप केलं असं वाटतं. आते कोणले सांगू?

लेकी,

मला सांगितलंस, बरं केलंस. मनाचं बोलूच, पण आखाजीला दहाच दिवस आहेत, म्हणून आधी शरीराचं बोलते.

पाळी आल्याशिवाय काही राहत नाही, ही समजूत चूक आहे. आधी बीज सुटतं. ते फळलं नाही, तर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणजे पाळीची वाट बघणारीला पहिलं बीज कधी सुटून गेलं ते कळतच नाही. इतक्या लवकरच्या गर्भपातानंतर ते आठ-दहा दिवसांतही सुटू शकतं, आणि बहुतेकींचं महिन्याच्या आत सुटतं. बाळंतपणानंतर शरीर जशी उसंत घेतं, तशी इथे घेत नाही. तुझे बारा दिवस होऊन गेलेत.

अंगावरच्या दुधाचा भरवसा धरायचा तर तीन गोष्टी एकदम जुळाव्या लागतात: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाणीसुद्धा न देता फक्त अंगावरचं दूध, आणि बाळंतपणानंतर पाळी सुरूच झालेली नाही. तुझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे, भाकरीचा तुकडा चघळत असेल. ते कवच कधीच गेलं.

माला-एनचं कोणी तुला नीट समजावलेलं दिसत नाही, आणि याचा मला राग येतो. पाकीट हातात ठेवायचं आणि पुढच्या बाईला बोलवायचं, असं किती ठिकाणी चालतं! गोळी त्या रात्रीपुरती काम करत नाही. रोज घेतली तरच बीज सुटणं थांबतं. पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ औषधाच्या आणि ७ लोहाच्या, आणि नवरा सुरतला असो की घरी, रोज एक घ्यायची. आपल्याकडे ज्यांचं घर सुरतेच्या कमाईवर चालतं अशा बायका गावोगाव आहेत. माणूस घरात नाही तर रोज गोळी कशाला, हा विचार त्यांच्याही मनात येतोच. म्हणून तुझ्यासारखीला रोज आठवण ठेवायला न लावणारं साधन बरं.

माझं मत विचारशील तर अंतरा इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. दूध पाजणारीला चालतं. पहिले काही महिने डाग पडतात, पाळी मागे-पुढे होते, पुढे बऱ्याच जणींची पाळी थांबतेच. रक्त पोटात साठतं म्हणून बायका घाबरतात. तसं काही नसतं. आतलं अस्तर वाढतच नाही, मग जाणार काय? साडेआठ रक्त असलेल्या बाईला महिन्याचं रक्त वाचणं हा फायदाच आहे. इंजेक्शनची जागा चोळायची नाही, शेकायची नाही. बीपी किंवा काविळीचा त्रास असेल तर आधी सांगायचं. पुढे कधी मूल हवंसं वाटलं, तर बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागतात, हेही माहीत असू दे.

डॉक्टर तांबी म्हणाले ते काही वावगं नाही. एक प्रकार पाच वर्षं चालतो, एक दहा, आणि नको झाली की काढता येते. छातीत चढते हे मात्र मनातून काढून टाक. पिशवीतून छातीकडे जायला वाटच नाही. क्वचित खाली सरकून पडते, म्हणून तपासणी चुकवायची नाही. पण पहिल्या काही महिन्यांत पाळीत रक्त जास्त जातं, आणि तुझं रक्त कमी आहे, म्हणून मी ती दुसरी ठेवते. छाया नावाची गोळीही आहे, तिच्यात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. वार पक्के धरता आले तर तीही चालेल.

आता दिवस मोज. तीन दिवसांनी पंधरावा दिवस. त्या तपासणीला जायचंच, पोट पूर्ण मोकळं झालं का हे तिथे कळतं. झालं असेल तर इंजेक्शन असो की तांबी, त्याच दिवशी घेता येतं. इंजेक्शन घेतलंस तर पुढचे सात दिवस निरोधशिवाय जवळ यायचं नाही. तरी ते माहेरी येतील तेव्हा निरोधचं पाकीट जवळ असू दे. चुकलंच तर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं चांगलं, तातडीची गोळी घ्यायची. ती आशाताईकडे मिळते. दरम्यान ताप, घाण वास, पोटात सहन होणार नाही अशी कळ, किंवा तासाला दोन मोठे पॅड भिजतील असं रक्त जात असेल, तर पंधराव्या दिवसाची वाट बघू नकोस, रात्र असली तरी जा.

यातल्या कशालाही नवऱ्याची सही लागत नाही. तरी त्यांना फोन कर. तुझ्या पत्रात ते वाईट वाटले नाहीत, त्यांना माहीत नाही एवढंच. पाळीआधी बीज सुटतं, एवढं एक वाक्य सांग. दोन लेकरं पुरेत हे तुम्हा दोघांचं पक्कं झालं, तर पुरुषाचं ऑपरेशन बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपं असतं, टाकाही पडत नाही. हे त्यांच्या कानावर आजच घालून ठेव. सासूबाईंना सांगायचं की नाही ते तू ठरव. डॉक्टरांना तुझं नाव गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे.

आणि ते पाप. १९७१ पासून आपल्या देशात याचा कायदा आहे. साधन फसून दिवस राहिले तर ते कारण त्यात मान्य आहे, आणि सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. पण तुला झोप लागत नाही ती कायद्यामुळे नाही, हे कळतं मला. अंगावर पिणारं मूल, साडेआठ रक्त, घरात एकटीच्या हाताने रेटायचा संसार. तू जे केलंस ते त्या दोन लेकरांची आई म्हणून केलंस. वाईट वाटेल, रडू येईल, येऊ दे. त्याला पाप म्हणू नकोस. देवघरात दिवा लाव, हात जोड, तुला कोणी अडवलेलं नाही. माहेरी गेलीस की आईला सांगावंसं वाटलं तर सांग. महिना होऊनही झोप नाही आली, तर हे डॉक्टरांनाही सांग.

लोहाच्या गोळ्या चालू ठेव, चहासोबत घेऊ नकोस. अंतरा घेतलंस तर पुढची तारीख कार्डावर लिहून मिळेल. श्रावण लागायच्या सुमाराला पडेल ती. कानबाईच्या रोटांचं दळण काढायच्या आधी दवाखान्यात जाऊन ये.

तुझी मावशी