दुकानातली चमक आणि घरातलं चित्र

प्रश्न : ५५ इंची दोन फोर-के टीव्ही शेजारी पाहिले. महागड्याचं चित्र जास्त झगझगीत होतं. तोच घ्यावा का?

उत्तर : नुसत्या झगझगाटावर ठरवू नका. दुकानात बहुधा 'व्हिविड' मोड लावलेला असतो. त्यात चेहरे लालभडक आणि पांढरा रंग निळसर दिसतो. दोन्ही टीव्ही 'सिनेमा' मोडवर आणून एकच अंधारं दृश्य लावायला सांगा. काळ्याच्या जागी राखाडी दिसलं, तर 'एचडीआर'चा (उजेड-अंधारातला फरक जास्त ठळक दाखवणारं तंत्र) शिक्का असूनही फायदा नगण्य. लोकल डिमिंग (पडद्यामागचा प्रकाश भागाभागाने मंद करण्याची सोय) किंवा ओलेड (प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारा-विझणारा पडदा) असेल तरच जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. बाजूला बसूनही पाहा. व्हीए पॅनेल (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) तिरकस कोनातून फिकं पडतं. १२० हर्ट्झचे (सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणं) जास्तीचे पैसे मात्र मुख्यतः गेमिंगसाठीच मोजा, बातम्या-मालिकांना ६० पुरे.