"काही नाही" म्हणून उठून येऊ नका

आईंचं गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचं रेडिएशन संपून आठ महिने झाले, तपासणीत डॉक्टर "काही त्रास?" विचारतात, आई "काही नाही" म्हणतात, की लगेच पुढचा पेशंट आत, असं तुम्ही लिहिलंय. आता पंधरा दिवस अंगावरून थोडं लाल जाताना दिसतंय आणि पुढची तारीख दीड महिन्यावर आहे, तर थांबावं का?

थांबू नका. उद्या फोन करा, नाही लागला तर फाईल घेऊन थेट ओपीडीत जाऊन बसा. रेडिएशननं आतली त्वचा नाजूक होते, त्यामुळंही रक्त दिसतं. पण ते त्यामुळंच आहे का आजार परत डोकावतोय, हे आतून बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. पॅप स्मिअर, म्हणजे आतल्या पेशी पुसून घेऊन करायची तपासणी, करून "नॉर्मल आहे" म्हणाले तरी तेवढ्यावर उठू नका. रेडिएशननंतर पेशींचं रूप बदलतं, तो रिपोर्ट वाचणं अवघड होतं. आत काही संशयास्पद दिसलं तर तुकडा काढून तपासतात.

माझे उपचार २०१७ ला झाले. वर्षभरानं संध्याकाळी डाव्या पायात चप्पल रुतायला लागली. उजवी सैल, डावीचा पट्टा वळ उठवायचा. मी शहाणीनं काय केलं, तर चप्पल नेऊन पट्टा सैल करून घेतला! दोन तपासण्यांना "बरं आहे" म्हणून उठून आले, आणि तिथंही कुणी मला टेबलावर घेतलं नाही. तिसऱ्या वेळी सून सोबत होती. ती म्हणाली, "मॅडम, यांना चपलेचं विचारा." मॅडमनी टेपनं दोन्ही पाय मोजले, आतून तपासलं, सोनोग्राफी लिहिली. डावी किडनी सुजलेली निघाली. किडनीतून लघवी खाली आणणारी नळी रेडिएशनच्या व्रणानं आवळली होती. पुढच्या तपासण्यांत आजार परत नाही हे कळलं आणि नळी उघडी राहावी म्हणून तिच्यात स्टेंट, म्हणजे बारीक पोकळ नळी, टाकला. चप्पलच सैल करत बसले असते तर किडनी गेली असती.

म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या विचारा, "आज आतून तपासणार ना?" भांडायचं नाही, पण उठायचंही नाही. लेडी डॉक्टर हवी असेल तर सकाळीच सिस्टरना सांगून ठेवा. पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी आणि पाच वर्षांपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी तपासणी लागते, कारण आजार परतायचा तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच परततो. दरवेळी आतली तपासणी आणि जांघेतल्या, मानेतल्या गाठी चाचपणं व्हायलाच हवं.

मात्र शेजारणीची सीए-१२५ ही रक्ततपासणी होते म्हणून आईंचीही करा, असा हट्ट धरू नका. ती मुख्यतः अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. इथं डॉक्टरांचा हात आणि डोळे जास्त कामाचे.

एक गोष्ट बायका बोलत नाहीत, डॉक्टरही टाळतात. रेडिएशननंतर योनिमार्ग आक्रसतो. तो मोकळा राहावा म्हणून डायलेटर, म्हणजे आत घालायची गुळगुळीत कांडी, वापरायला सांगतात. मला ते सांगितलंच नव्हतं, "विधवा बाई, हिला काय करायचंय" असं वाटलं असेल. अहो, मार्गच बंद झाला तर आतून तपासणार कसं? आईंना सांगितलंय का विचारा, लाज तुम्ही मोडा.

दुसरं मत घ्यायला परळला टाटात जायचं झालं, तर रेल्वेची सवलत नेहमीच्या तपासणीलाही असते. स्लीपर आणि थर्ड एसीत पेशंटला तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट. दवाखान्यातून फॉर्मवर सही-शिक्का घ्या. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई.

आज रात्रीच वहीत लिहून काढा: रक्त कधी, किती, कंबर किंवा पाय दुखतो का, शौचातून, लघवीतून रक्त जातं का, वजन उतरलंय का. आत गेल्यावर वही तुमच्याच हातात ठेवा. आईंकडं दिली तर त्या परत "काही नाही" म्हणतील. आणि दोन्ही चपला सारख्या बसतात का, तेही विचारा.