पाळी वेळेवर येऊ लागली आणि ती घाबरली

"मॅडम, त्या गोळ्यांनी माझे हार्मोन्स बिघडलेत. तीन आठवडे झाले, मी घेणंच बंद केलंय. घरी कुणाला सांगितलेलं नाही."

खुर्चीत बसता बसताच तिने हे सांगून टाकलं. वय चौतीस. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पीसीओएसचा, म्हणजे बीज नियमित न सुटल्याने पाळी लांबण्याचा त्रास कॉलेजपासूनचा. वर्षभरापूर्वी फॅटी लिव्हर निघालं, चरबीसोबत यकृताला सूजही होती. डॉक्टरांनी पायोग्लिटाझोन दिलं. हे मूळचं मधुमेहाचं औषध. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालेलं असतं, ते या औषधाने सुधारतं, म्हणून यकृताला सूज असलेल्या काही रुग्णांना ते देतात.

"बिघडलेत म्हणजे नेमकं काय झालं?" मी विचारलं.

तिने मोबाइल पुढे केला. पाळीच्या तारखा ती कॅलेंडरमध्ये लाल ठिपक्यांनी टिपते. मागची दोन वर्षं ठिपके अगदी विरळ, कधी तीन महिन्यांनी, कधी पाच. अलीकडचे चार मात्र ओळीने, ३४, ३१ आणि ३० दिवसांच्या अंतराने. "असं माझं कधीच नव्हतं," ती म्हणाली. "मधल्या दिवसांत ओटीपोटात एका बाजूला कळ येते, अंगावरून चिकट पांढरं जातं. वजन दोन किलोने वाढलंय. आणि आता बघा, शेवटच्या पाळीला ३८ दिवस झाले. गोळी सोडली तर तेही बिनसलं."

मी ते ठिपके पुन्हा पाहिले. इतक्या वर्षांत तिची पाळी नियमित झाली होती आणि तिला ते दुखणं वाटत होतं. यात तिची काहीच चूक नाही. असं होऊ शकतं, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

मी कागदावर यकृत आणि अंडाशय काढून दाखवलं. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही तेव्हा रक्तात इन्सुलिन वाढतं. वाढलेल्या इन्सुलिनमुळे अंडाशय पुरुषी हार्मोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, जास्त बनवतं. हे हार्मोन बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं, त्याला एसएचबीजी म्हणतात. चरबी साठलेल्या यकृतात तेही कमी पडतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं, बीज पिकत नाही, पाळी लांबते. औषधाने इन्सुलिनची अडचण कमी झाली की ही साखळी सैल होते आणि बीज पुन्हा सुटायला लागतं. मधल्या दिवसांतली ती कळ आणि तो चिकट स्राव बहुधा त्याचीच खूण होती. वजनाचंही कारण आहे. हे औषध चरबी त्वचेखाली साठवायला लावतं आणि अंगात थोडं पाणी धरून ठेवतं. पायांवर सूज आली किंवा दम लागला तर मात्र डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं, हे मी तिला दोनदा सांगितलं.

मग मला जे विचारणं भाग होतं ते विचारलं. "गर्भनिरोधनाचं काय करता?"

ती हसली. "कशाला? मला दिवस जाणं कठीण आहे, हे तेविसाव्या वर्षीच सांगितलंय सगळ्यांनी."

आणि बोलता बोलता तिचा हात मोबाइलवरच थांबला. ३८ दिवस.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. मग हळूच म्हणाली, "मी ते दार बंद करून टाकलं होतं, मॅडम. नवऱ्याला लग्नाआधीच सांगितलं होतं. रडूनही झालं होतं. आता मला मूल हवंय की नाही, तेच मला कळत नाहीये."

उरलेला सगळा वेळ आम्ही याच वाक्यापाशी होतो. वर्षानुवर्षं शरीराशी केलेली तडजोड औषधाने चार महिन्यांत मोडावी, ही धास्ती खरी असते. "अहो, ही तर आनंदाची बातमी" असं म्हणून ती उडवून लावणं मला क्रूर वाटतं.

त्याच संध्याकाळी तिने घरी चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गोळी सोडल्याचं खरं खरं सांगितलं. त्यांनी आठवड्याने चाचणी पुन्हा केली, गर्भनिरोधनाचं ठरवलं, मगच औषध परत सुरू केलं. मूल हवं असं ठरलं तर आधी औषध बदलायचं, हेही तेव्हाच बोलून झालं. पाळी नियमित होऊ शकते आणि दिवसही जाऊ शकतात, ही दोन वाक्यं पहिल्या चिठ्ठीबरोबरच बोलली गेली असती तर तिचे तीन आठवडे भीतीत गेले नसते. मला याचा राग येतो, आणि येत राहील.

इतर औषधांबाबतही अशीच घबराट घेऊन लोक येतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं रेसमेटिरोम हे फॅटी लिव्हरचं औषध यकृतातल्या थायरॉइड हार्मोनच्या एका ग्राहीवर (हार्मोनचा संदेश घेणाऱ्या जागेवर) काम करतं. त्याने थायरॉइडच्या तपासणीतलं फ्री टी४ हे हार्मोन थोडं उतरतं, थायरॉइडला चालना देणारं टीएसएच सहसा जागच्या जागी राहतं. एसएचबीजी वाढतं, त्यामुळे एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडाही चढलेला दिसू शकतो. असा एक आकडा पाहून आपल्या मनाने थायरॉइडची गोळी सुरू करू नका, आणि यकृताची बंदही करू नका. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांनीही पाळी परतू शकते. त्यांपैकी सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपेटाइडने गर्भनिरोधक गोळीचा परिणाम घटू शकतो, म्हणून सुरुवातीला आणि दर वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे कंडोमसारखं दुसरं साधन वापरायला सांगतात.

दीड महिन्याने ती नवऱ्याला घेऊन आली. तो म्हणाला, "मूल हवं की नको, हे आम्ही आत्ता ठरवणार नाही. पण बोलतोय." ती त्याच्याकडे पाहत होती. निघताना तिने कॅलेंडर उघडून दाखवलं. पुढच्या ठिपक्याची जागा तिने पेन्सिलच्या रंगाने पुसट करून ठेवली होती.

त्यानंतर काही दिवसांनी तिचा मेसेज आला. "आली. ३० दिवस."