चहाची फ्रँचायझी घेऊ की रक्ततपासणीचं केंद्र?

प्रश्न: वय ४६, राहायला टिळकवाडी, बेळगाव. औषध कंपनीत १९ वर्षं एमआर (डॉक्टरांना भेटणारा कंपनीचा प्रतिनिधी) होतो, निपाणीपासून खानापूरपर्यंतची लाइन माझ्याकडे होती. मार्चमध्ये कंपनीने टीम कमी केली. हिशेबाचे २२ लाख मिळाले, गृहकर्ज ४ लाख बाकी आहे. आरपीडी कॉर्नरजवळ भावाचा गाळा रिकामा आहे, बाहेर दिला तर त्याला २८ हजार भाडं मिळेल. एका चहाच्या ब्रँडची फ्रँचायझी १४ लाखांत मिळते, त्यात फी ४ लाख; फीवरचा जीएसटी परत मिळतो आणि ‘१४ महिन्यांत भांडवल वसूल’ म्हणतात. दुसरा पर्याय साडेचार लाखांत पॅथॉलॉजी लॅबचं कलेक्शन सेंटर, बिलाच्या ३५ टक्के आपले. घरखर्च महिना ४० हजार. मुलगी डी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा दहावीत. काय घेऊ?

उत्तर: आधी भावाच्या गाळ्याचं बोलू. पत्रात तुम्ही भाड्याचा रकाना कोरा ठेवलाय. तो गाळा बाहेर दिला तर भावाला २८ हजार मिळतील, असं तुम्हीच पुढे लिहिता. मग तुमच्या हिशेबातही २८ हजारच धरा. भाऊ घेणार नसेल तर ती त्याची माया, धंद्याचा नफा नव्हे. उद्या भावजयीच्या मनात दुसरं आलं तर धंदा उभा राहतो का, ते याच आकड्यावरून कळेल.

आता चहा. भाडं २८ हजार, कामाला ठेवलेल्या तीन मुलांचा पगार ४२ हजार, लाइटबिल ९ हजार, किरकोळ ६ हजार. म्हणजे महिन्याला ८५ हजार, चहा विकला जावो न जावो. एका गिऱ्हाइकाचं बिल सरासरी २० रुपये धरू. त्यातले दूध, पावडर, कप, गॅसमध्ये ८ जातात, रॉयल्टी (विक्रीतला ब्रँडचा वाटा) आणि जीएसटीत साधारण २. उरले १०. नुसता खर्च भागवायला रोज २८३ गिऱ्हाइकं हवीत. घरचे ४० हजार काढायचे तर ४१७. आणि ब्रँडवाल्यांचा शब्द खरा व्हायचा तर महिना एक लाख सुटला पाहिजे, त्याला रोज ६१७ लागतात. सकाळी सात ते रात्री नऊ दुकान उघडं ठेवलंत तरी दर ऐंशी सेकंदांना एक गिऱ्हाईक, रविवारी आणि कॉलेजच्या सुट्टीतसुद्धा. त्या कोपऱ्यावर दोन दिवस उभं राहून शेजारच्या टपरीचे कप मोजा. मोजायला लाजू नका, मी मोजतो.

कोटेशनमध्ये आणखी एक गोम आहे. फ्रँचायझी फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही खाण्यापिण्याच्या दुकानात ५ टक्क्यांचा जीएसटी लावणार, तिथे इनपुट क्रेडिट, म्हणजे आधी भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळत नाही. म्हणजे ४ लाखांच्या फीवरचे ७२ हजार गेले ते गेलेच. ‘ते परत मिळतात’ असं जे तुम्हाला सांगितलं गेलं, ते लेखी मागा. देणार नाहीत.

या बाबतीत माझाही हात पोळलाय. नातेवाइकाच्या आइस्क्रीम पार्लरमध्ये मी ३ लाख घातले होते. ब्रँड नावाजलेला, कोष्टक उन्हाळी शहराचं. आपला जून ते सप्टेंबरचा पाऊस त्यात कुणी धरलाच नव्हता. चार महिने फ्रीझर चालू आणि गिऱ्हाईक रेनकोटात.

लॅबकडे वळू. भाडं तेच २८ हजार, रक्त काढणारा तंत्रज्ञ १८, मदतनीस १०, लाइट-पेट्रोल मिळून ९. एकूण ६५ हजार. पेशंटचं बिल सरासरी ६०० धरलं तर तुमचे २१०. खर्च आणि घर दोन्ही भागवायला महिन्याला ५०० पेशंट, कामाचे २६ दिवस धरले तर रोज १९. चहाच्या ४१७ पुढे हे १९ ठेवून बघा. त्या ४१७ मध्ये तुम्हाला ओळखणारं कोण आहे? या १९ जणांना पाठवणारे डॉक्टर तुम्हाला नावाने हाक मारतात, कुणाची ओपीडी किती वाजता सुटते ते तुम्हाला पाठ आहे. १९ वर्षांची ही कमाई चहाच्या काउंटरमागे बसून शून्य होते. माझा कौल म्हणूनच चहाला नाही.

पण लॅबवर लगेच सही करू नका. पहिला धोका तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तो म्हणजे ‘कट’, पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला द्यायचं पाकीट. डॉक्टरांनी कमिशन घेणं त्यांच्या व्यावसायिक नियमांतच बसत नाही. १९ पैकी १२ पेशंट पाकिटावर येणार असतील तर तुमचे २१० रुपये १०० वर येतील आणि गणित कोसळेल. रिपोर्ट वेळेत आणि बरोबर, एवढ्यावर जे पाठवतील तेवढेच धरा. नमुना कुठे जातो, हुबळीला की पुण्याला, आणि सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळच्या ओपीडीआधी येतो का, हे स्वतःचं रक्त देऊन तपासा.

दुसरी गोष्ट करारातल्या हद्दीची. तुमचं क्षेत्र ‘बेळगाव शहर’ लिहिलंय. महाराष्ट्रातल्या चंदगडचा पेशंट दवाखान्याला बेळगावलाच येतो हे आपल्याला माहीत, पण कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात नकाशावर राज्याची रेघ असते. उद्या सीमेपलीकडच्या शिनोळीत ‘महाराष्ट्र विभाग’ म्हणून दुसरं केंद्र दिलं तर तुमची तक्रार ऐकायला कोणी नाही. शिनोळी आणि चंदगड रस्ता नावानिशी घालून घ्या. केपीएमईची (कर्नाटकच्या खासगी वैद्यकीय संस्था कायद्याची) नोंदणी कोणाच्या नावावर, जैविक कचरा कोण उचलणार, हेही त्याच कागदावर हवं. कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड लागतं, कंपनीचा मराठी-इंग्रजी बोर्ड जसाच्या तसा चालणार नाही. नव्या बोर्डाचा खर्च त्यांनी सोसावा.

आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. कंपनीने किती दुकानं बंद पडली हे सांगितलंच पाहिजे, अशी सक्ती नाही. म्हणून तुम्हीच चार केंद्रं गाठा, त्यातलं एक बंद पडलेलं असू द्या. बंद करणारा माणूस एका चहात जे सांगतो ते ब्रोशरच्या वीस पानांत नसतं. कराराची मुदत, डिपॉझिट परत कधी, खटला कुठल्या कोर्टात, एवढं वकिलाकडून वाचून घ्या. करार संपल्यावर ‘हा धंदा करायचा नाही’ अशी अट असेल तर फार घाबरू नका, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ सहसा तुमच्या बाजूने उभं राहतं. करार चालू असताना मात्र ती पाळावी लागते.

पैशांची वाटणी अशी करा. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमा गेला, तेव्हा आधी चौघांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराला मिळून एकच आरोग्य विमा. वर्षभराचे ४ लाख ८० हजार एफडीत, त्याला हात नाही. गृहकर्ज फेडून टाका, हप्ता सुटला की दुकानावरचा ताण कमी होतो. लॅबला साडेचार आणि सुरुवातीच्या सहा महिन्यांच्या तोट्याला ४ लाख. बाकी साधारण साडेचार लाख बाजूला असू द्यात, ते कशाला ते सांगतो.

पत्रात मुलीचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय, मला तो सगळ्यात मोलाचा वाटला. जनऔषधी केंद्राला (सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानाला) १२० चौरस फूट जागा आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, एमआरपीवर २० टक्के मार्जिन असतं. तिची नोंदणी झाली की त्याच गाळ्यात एका बाजूला लॅब, एका बाजूला औषधं होऊ शकतात. दोन्ही परवान्यांना ती विभागणी चालते का, हे औषध निरीक्षकांना आधी विचारा. आणि त्याच्याही आधी मुलीला विचारा, तिला दुकानात बसायचंय का. कदाचित तिला बी.फार्म. करायचं असेल.