मैफलीत जांभई आली तर?

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे, चिंचवडला राहते. तीनेक वर्षं फोनवर शास्त्रीय संगीत ऐकतेय. गेल्या डिसेंबरात पहिल्यांदाच पुण्यात मुकुंदनगरला सवाई गंधर्व महोत्सवाला गेले. ज्या रागाची घरी पारायणं केली, तोच गायला घेतला होता. तरी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं गाणं, चालू असताना लक्ष उडालं, चक्क जांभया आल्या. शेजारचे काका मात्र मला काहीच न कळलेल्या जागी 'क्या बात है' म्हणत होते. मी उगाच आव आणतेय का? आधी शिकून मग जावं का?

उत्तर : वय लिहिलंयस म्हणून 'तू' म्हणते, राग मानू नकोस. हौस असेल तर जरूर शीक, पण मैफलीला जाता यावं म्हणून नको. मी पन्नास वर्षं गाणं ऐकतेय आणि मला अजून सा लावता येत नाही. पोस्टात नोकरी केली, शिक्के मारले, रजा काढून गाणी ऐकली.

माझं माहेर मिरज. शाळेची वाट सतारमेकरांच्या दुकानांवरून जायची. पंढरपूरकडून आलेले वाळके भोपळे बाहेर रचलेले, आणि आत कुणीतरी तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढत, म्हणजे तार नीट गुंजावी म्हणून घोडी घासत, बसलेला. एकच तार छेडायची, ऐकायची, पुन्हा घासायची. त्यामुळे गाणं सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं तंबोरे लावत बसले की लोक चुळबुळतात, तेव्हा मी निवांत असते. माझं गाणं तिथूनच सुरू होतं.

मामा मला मीरासाहेबांच्या दर्ग्यात न्यायचे. थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथेच आहे. उरुसात त्यांच्या आठवणीत मोठमोठे कलाकार हजेरी लावतात, तिकीट नसतं. चिंचेच्या झाडाखाली आम्ही सतरंजीवर. मामा माझं मनगट धरून बसत आणि समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, बोटाने हलकेच दाबत. विलंबित एकताल बारा मात्रांचा. गवयाने लय फार खाली घेतली तर एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, मिनिटभरसुद्धा लागतं. म्हणजे मिनिटाला एकदा बोट! मी नऊ वर्षांची. मला वाटायचं, झोपू नये म्हणून टोचतात. मग एका रात्री बोट पडायच्या आधीच मला कळलं, आता सम येणार. आली. मी मामांकडे बघितलं, तर ते डोळे मिटून बसले होते, त्यांना पत्ताच नाही.

तुझ्या शेजारच्या काकांची दाद बहुधा त्या येण्याला होती. (काही काका नुसतेच डोलतात, ते सोडून दे.) पुढच्या वेळी एवढंच कर : बंदिशीची पहिली ओळ, म्हणजे मुखडा, कानात धरून ठेव. गवई आलापीत कुठेही हिंडून आला तरी समेवर उतरताना बहुतेक वेळा मुखडाच पकडून येतो. त्यातलं एक ठरलेलं अक्षर आणि तबल्याचा पहिला 'धिं' एकदम पडतात. ती जागा दोनदा सापडली की तिसऱ्यांदा तू आपोआप वाट बघायला लागशील. स्वरांची नावं नाही कळली तरी बिघडत नाही.

आणि फोनवरच्या रागाशी ताडून बघू नकोस. खाँसाहेबांच्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्यात अख्खा राग बसवणं ही वेगळीच करामत होती, लाडू वळल्यासारखी. समोर बसून गाणारा माणूस त्या संध्याकाळी शोधत असतो. कधी सापडतं, कधी नाही. नाही सापडलं की जांभई येते, आणि त्यात दोष दर वेळी ऐकणाऱ्याचाच असतो असं नाही.

राहिली झोप. ऐंशीच्या दशकात सवाई रेणुका स्वरूप शाळेच्या मैदानावर रात्र रात्र चालायचा. मी आणि बहीण एसटीने पुण्याला यायचो, घोंगडी आणि दशम्या घेऊन. शेवटच्या पहाटे भीमसेनजी गाणार, त्यासाठी सगळा अट्टहास. एका वर्षी तीनच्या सुमाराला मी 'जरा पाठ टेकते' म्हणून आडवी झाले. जाग आली तेव्हा कनातीच्या फटीतून उजेड येत होता आणि पंडितजींचं अर्धं गाणं होऊन गेलं होतं. बहिणीने उठवलं नाही. म्हणे, 'तू झोपेत मान हलवत होतीस.' मी अजून तिला माफ केलेलं नाही.

प्रश्न : रात्रभराच्या मैफली बंद झाल्या. पहाटेचे राग आता प्रत्यक्ष कुठे ऐकायचे? — एक वाचक, सातारा

उत्तर : २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमुळे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, तेवढीच. मंडपाशेजारी राहणाऱ्या माणसाची बाजूही खरी आहे, पण दरबारीसारखा उत्तररात्रीचा राग संध्याकाळी आठला ऐकताना मला जेवणाआधी विडा खाल्ल्यासारखं वाटतं. बंद सभागृहाला ही अट नाही, त्यामुळे सकाळच्या सभांवर लक्ष ठेवा. दिवाळी पहाटेला भावगीतं-नाट्यगीतंच जास्त असतात. पण पहिला अर्धा तास चुकवू नका, ललित किंवा भटियार झाला तर तेव्हाच होतो.

प्रश्न : पुढच्या रांगेतला माणूस पूर्ण वेळ मोबाइल उंच धरून चित्रण करतो. काय करावं? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : हळू आवाजात 'जरा खाली घेता का?' विचारावं, पण ख्याल संपल्यावर. मी एकदा ऐन आलापीत विचारलं. तो गप्प राहिला आणि मागच्या आठ जणांनी मलाच 'शूऽऽ' केलं.