बीपी घरचं खरं की दवाखान्यातलं? पन्नाशीच्या आसपासचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

या वेळच्या पत्रांमधून एकच घोर वेगवेगळ्या शब्दांत डोकावतो. रिपोर्टमधला आकडा रेषेच्या जरासा वर गेलाय, आता गोळी सुरू करायची की थांबायचं? त्याआधी तो आकडा कसा मोजला गेला हे बघायला हवं, म्हणून पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : वय 47. दवाखान्यात बीपी 148/92 निघालं. घरच्या मशीनवर कधी 128 येतं, कधी 144. मशीन बिघडलंय का? आणि गोळी लगेच सुरू करावी का?

मशीन बिघडलेलं असेलच असं नाही. बीपी दिवसभर खालीवर होतच असतं आणि मोजण्यातल्या बारीकसारीक चुका त्यात भर घालतात. सगळ्यात जास्त दुर्लक्ष कफच्या, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याच्या, मापाकडे होतं. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये टेप लावून दंडाचा घेर मोजा. कफवर 22-32 किंवा 32-42 असे सेंटिमीटर छापलेले असतात. तुमचा घेर 35 असेल आणि कफ 22-32 चा असेल, तर आकडा दर वेळी फुगूनच येणार. तसंच हात लोंबता ठेवला किंवा मांडीवर टेकवला, तरी आकडा वाढतो. हात हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटिमीटर खाली असला की रक्ताच्या तेवढ्या उंचीच्या स्तंभाचा दाब मिळवला जातो आणि वरचा आकडा साधारण 8 ने जास्त दिसतो. 144 आणि 136 मधला फरक नुसता टेबलाच्या उंचीचा असू शकतो.

मोजायच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट आणि व्यायाम नको. लघवीला जाऊन या, तुंबलेल्या लघवीनेही बीपी वाढतं. पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून, पायांची घडी न घालता पाच मिनिटं गप्प बसा. बाही वर सरकवून तिचा घट्ट वेढा दंडाला बसत असेल तर बाहीतून हात सरळ बाहेरच काढा. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर हवी आणि त्यावरची खूण आतल्या बाजूच्या धमनीवर यायला हवी. हात टेबलावर सैल सोडा. मोजणं चालू असताना बोलू नका, बोलण्यानेही आकडा चढतो.

सकाळी गोळ्या आणि नाश्ता घेण्याआधी दोन वेळा, संध्याकाळी दोन वेळा, मध्ये एकेक मिनिट थांबून, असं सात दिवस मोजा आणि सगळं लिहून ठेवा. पहिल्या दिवशीचे आकडे सोडून द्या, कारण त्या दिवशी नवखेपणामुळे ते चढेच येतात. उरलेल्या 24 नोंदींची सरासरी काढा. मनासारखा आकडा आला नाही म्हणून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा मोजू नका, आणि मनासारखा आला तेवढाच लिहायचा असंही करू नका. दोन्हींमुळे वही निकामी होते. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजून बघा. ज्या हातावर जास्त येतं तोच पुढे वापरा आणि फरक 15 च्या वर असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. मनगटावरची मशीन शक्यतो टाळा. नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित मशीन फसू शकतं, अशा वेळी डॉक्टरांकडूनच मोजून घ्या.

घरची सरासरी 135/85 च्या वर असेल तर ती दवाखान्यातल्या 140/90 च्या बरोबरीची धरतात. घरी कमी आणि दवाखान्यात जास्त येत असेल तर गोळीची घाई नको, पण दर वर्षी तपासत राहा. उलट प्रकार, म्हणजे दवाखान्यात ठीक आणि घरी जास्त, हा अधिक काळजीचा, कारण तो कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता रेषा नेमकी कुठे आखायची, यावर डॉक्टरांमध्येही एकमत नाही. अमेरिकेत 2017 पासून 130/80 लाच उच्च रक्तदाब म्हणतात, युरोपात 140/90 कायम आहे. या वादात 2015 च्या ‘स्प्रिंट’ चाचणीचा दाखला हमखास दिला जातो. पन्नाशीपुढच्या, हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या पण मधुमेह नसलेल्या 9,361 जणांपैकी निम्म्यांचं वरचं बीपी 120 च्या खाली आणायचं ठरलं, निम्म्यांचं 140 च्या खाली. पहिल्या गटात हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना साधारण पाव हिश्शाने घटल्या, मृत्यूही कमी झाले. मात्र बीपी फार उतरणं, भोवळ येणं, मूत्रपिंडावर ताण येणं हे त्यांच्यात जास्त दिसलं. आणि तिथलं बीपी पाच मिनिटं शांत बसवून, तीन वेळा मोजून, सरासरी काढलेलं होतं. गर्दीच्या दवाखान्यात जिना चढून आल्या आल्या मोजलेलं 120 म्हणजे ते 120 नव्हे. तेव्हा आधी आठवडाभराची वही भरा आणि ती घेऊनच डॉक्टरांकडे जा.

यात एकच अपवाद. आकडा 180/120 च्या वर असेल आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं, हातापायातली ताकद जाणं किंवा दिसायला अंधुक होणं यातलं काही असेल, तर वही बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठा. त्रास काहीच नसेल तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा, आणि तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : साध्या मिठाऐवजी सैंधव वापरलं तर बीपीला चालतं ना?

सैंधव, गुलाबी मीठ, समुद्री मीठ, सगळ्यांत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. रंगाने सोडियम कमी होत नाही. दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ.

खरा फरक पडतो तो पोटॅशियम मिसळलेल्या मिठाने. चीनच्या 600 खेड्यांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 75 टक्के सोडियम क्लोराइड आणि 25 टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मिश्रण वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाला. हे मीठ आणण्याआधी मात्र क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) तपासलेलं असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा बीपीची गोळी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी असेल, तर रक्तात पोटॅशियम साठून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ सुरू करू नका.

प्रश्न : वय 52. एकूण कोलेस्टेरॉल 228, एचडीएल 48, ट्रायग्लिसराइड 210, एलडीएल 138. अंडी बंद केली आहेत. डॉक्टर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घ्या म्हणतात, पण त्याने स्नायू दुखतात असं ऐकलं आहे.

तुमचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, बहुधा मोजलेलं नाही, गणिताने काढलेलं आहे. ट्रायग्लिसराइडला (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) पाचने भागायचं (42), ते आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, एकूण आकड्यातून वजा करायचं, 138 उरतात. ट्रायग्लिसराइड जेवणाने, आदल्या रात्रीच्या मद्याने चटकन वाढतं आणि मग हे गणित डळमळतं. 400 च्या वर तर ते वापरूच नये. त्यापेक्षा एकूणमधून एचडीएल वजा करा. तुमचे 180 येतात. या आकड्याला उपाशी राहण्याचीही गरज नसते.

एका अंड्याच्या बलकात साधारण 185 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, पण बहुतेकांच्या एलडीएलवर त्याहून मोठा परिणाम संपृक्त चरबीचा होतो. लोणी, मलई, चरबीदार मांस, बेकरीचे पदार्थ तसेच चालू ठेवून फक्त अंडी सोडली तर फारसं काही हाती लागत नाही. आहारातल्या कोलेस्टेरॉलची रोजची 300 मिलिग्रॅमची मर्यादा अमेरिकेच्या आहारसूचनेतून 2015 मध्ये वगळली गेली, ती याचमुळे. काहींचं एलडीएल मात्र अंड्यांनी खरंच वाढतं. सहा आठवडे आहार बदलून पुन्हा तपासा, म्हणजे स्वतःपुरतं उत्तर मिळेल.

138 ला गोळी हवी की नको, हे एकट्या 138 वरून ठरत नाही. सिगारेट, मधुमेह, बीपी, वडील किंवा भावाला पंचावन्नच्या आत, आई किंवा बहिणीला पासष्टच्या आत आलेला हृदयविकार, हे सगळं मांडून डॉक्टर पुढच्या दहा वर्षांचा धोका काढतात. तो आकडा त्यांच्याकडे मागा, तो तुमचा हक्क आहे. 190 च्या वरचं एलडीएल मात्र नुसत्या पथ्यावर सोडू नये, ते बरेचदा आनुवंशिक असतं.

स्नायूंच्या दुखण्याबद्दल 2020 ची एक छोटी चाचणी बोलकी आहे. दुखण्यामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी पोकळ गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आलटूनपालटून दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्यातला 90 टक्के त्रास पोकळ गोळीच्या महिन्यांतही झाला. दुखणं खोटं नव्हतं, पण बहुतांशी ते औषधाचं नव्हतं. गोळी सुरू करण्याआधी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासा. थायरॉइड मंदावलेलं असलं तर एलडीएलही वाढतं आणि अंगही दुखतं. स्टॅटिन घेताना दुखलंच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे थांबून कमी मात्रेत किंवा दुसऱ्या स्टॅटिनने सुरुवात करता येते. डोस दुप्पट केल्याने एलडीएल आणखी फक्त 6 टक्क्यांच्या आसपास उतरतं, म्हणून लहान डोसला कमी लेखू नका. लघवी गडद तपकिरी झाली आणि स्नायूंत अशक्तपणा आला, तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : वय 45. उपाशीपोटी साखर 94, पण एचबीए1सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज) 6.1. पाळीत रक्तस्राव फार होतो, थकवा असतो. मला मधुमेह होतोय का?

आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. लोह कमी असलं की नव्या तांबड्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि त्यांना साखर चिकटायला जास्त दिवस मिळतात. त्यामुळे साखर वाढलेली नसतानाही एचबीए1सी वर जातो. लोह भरून काढा, मग साधारण तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. तेवढं थांबायचं नसेल तर 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघा. 140 च्या आत असेल तर ठीक, 200 किंवा जास्त आली तर मधुमेह, मधलं सगळं सीमारेषेवरचं. आणि एवढा रक्तस्राव ‘पाळी जायची वेळ आली’ म्हणून अंगावर काढू नका. या वयात त्याचं कारण स्त्रीरोगतज्ज्ञाकडून शोधायलाच हवं.

प्रश्न : सोळा तास उपास आणि आठ तासांत जेवण, याने वजन जास्त उतरतं का?

2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 139 लठ्ठ व्यक्तींनी वर्षभर सारखेच कमी उष्मांक घेतले. निम्म्यांनी ते सकाळी 8 ते दुपारी 4 या वेळेतच घेतले. दोन्ही गटांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. वेळ आखून घेतल्यावर तुमचं खाणं आपोआप कमी होत असेल तर जरूर करा. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डोस बदलून घेतल्याशिवाय करू नका, साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

प्रश्न : थायरॉइडची गोळी नियमित घेऊनही टीएसएच वाढलेलंच येतं. सोबत कॅल्शियम आणि केसांसाठीची गोळी चालू आहे.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, नाश्ता आणि कॉफी अर्ध्या ते एका तासाने. कॅल्शियम किंवा लोह चार तासांच्या आत घेतलं तर गोळी आतड्यातच अडकते, म्हणून ते दुपारच्या जेवणाबरोबर घ्या. वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवडे जाऊ द्या, मगच टीएसएच करा. केसांच्या गोळीत बायोटिन (बी गटातलं एक जीवनसत्त्व) आहे का तेही पाकिटावर बघा, कारण काही यंत्रांवर त्याने टीएसएच खोटं कमी दिसतं. रक्त देण्याआधी ती गोळी किमान दोन दिवस बंद ठेवा आणि ती घेत असल्याचं प्रयोगशाळेत सांगा.